रे की गो?

मालवणच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. मापाच्या वह्या दोन, जेन्ट्स आणि लेडीज. चतुर्थीच्या आधी मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका दुपारी कापड घेऊन एक गिऱ्हाईक आलं. (गिऱ्हाईक शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून पुढेही तोच वापरते.)

वय विशीचं. केस बारीक कापलेले, कानात कुड्या. 'ये' म्हणताना तोंडाशी आलेला 'गो' मी गिळला, 'रे'ही म्हणवेना. आमच्याकडे पुरुषाला 'रे', बाईला 'गो', यातलं एक लावल्याशिवाय हाक पुरी होत नाही.

आधीच्या दुकानात 'पहिलं काय ते ठरव, मग माप घेतो' असं ऐकवून परत पाठवलेलं. माझा जीव कळवळला. माप घ्यायला एवढं कशाला लागतं?

टेप लावताना ध्यानात आलं, प्रमाण मराठीत हे पोर 'मला शिवायचंय', 'मी कापड आणलंय', 'मी उद्या येईन' अशीच वाक्यं निवडत होतं. 'आलो' नाही, 'आले' नाही. मी मालवणीत विचारलं, "कधी इलंस?" म्हणजे कधी आलास किंवा आलीस.

"काल इलंय, काकी."

मालवणीत बाई असो की पुरुष, 'मी इलंय', 'मी जातंय'च म्हणतात. इतकी वर्षं बोलतेय, पण हे मला त्या दिवशी ऐकू आलं. मग गिऱ्हाईक मोकळं बोलायला लागलं. पुण्यात मित्रांना 'तुम्ही' म्हणायला सांगितलंय, कारण 'तुम्ही आलात' कुणालाही चालतं. मी विचारलं, तुझ्याबद्दल बोलताना 'ता', म्हणजे 'ते', म्हणू? नको म्हणालं. मालवणीत चेडवालाही, म्हणजे मुलीलाही, 'ता'च म्हणतात, लहानपणापासून तेच ऐकलेलं. नुसतं नाव घ्यायचं.

अडलं ते बटणांवर. जेन्ट्स शर्टाला काजं डाव्या पट्टीवर, लेडीजला उजव्या. शेवटी पट्टीच काढून टाकली. गळ्याला चीर, डोक्यातून घालायचा सदरा, छातीला टक्सच्या चुण्या नाहीत, खिसे दोन्ही बाजूंना.

माप कुठल्या वहीत लिहू? गिऱ्हाइकानं सांगितलं, मतदार नोंदणीत 2009 मध्येच 'इतर' हा पर्याय आला, आणि आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये मान्य केलाय. मी तिसरी वही आणली. वर काही लिहिलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सदरा घालून गिऱ्हाईक आरशासमोर बराच वेळ उभं राहिलं. खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले.

"काकी, मी जातंय हां."

"जातंय नाय, येतंय म्हण, बाळा."