काळा कागद अडकला तर मागचं झाकण उघडू नका

महिना झाला, तरी मी कॅमेरा घेऊन गेले होते त्या दुकानाचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी होती. आलेल्या प्रत्येकाच्या हातात तिथल्या तिथे फोटो ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. भावाचा इन्स्टॅक्स मिनी ९, म्हणजे काढलेला फोटो लगेच कागदावर देणारा कॅमेरा, कपाटात पडून होता. फिल्म आणली. पाकिटात १० फोटो असतात. कार्ट्रिज दोन्ही कडांनी धरायचं, त्याची पिवळी खूण कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेला जुळवायची, झाकण लावायचं. मागच्या आकड्याच्या जागी 'एस' दिसतो. मग बटण एकदा दाबलं की काळा कागद बाहेर पडतो आणि आकडा १० होतो. हा कागद म्हणजे फिल्मवरचा पडदा, उजेड अडवणारा.

माझा कागद बोटभर आला आणि थांबला. घर्र झालं, मग कॅमेरा गप्प. पुन्हा बटण दाबलं, काही नाही. ओढावासा वाटत होता, पण हात आवरला आणि भर दुपारी दुपट्टा बांधून नागपुरातल्या बर्डीवरचं एक दुकान गाठलं.

"काही नाही ताई, कागद फसून राहिला," दुकानदार म्हणाला आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत ट्यूबलाइटखाली त्याने मागचं झाकण उघडलंसुद्धा. कागद ओढून काढला, फुंकर मारली, झाकण लावलं. फिल्मला उजेड लागला ना, विचारलं तर म्हणे, "एवढ्यानं काही होत नाही."

घरी आले तर बटण तसंच मुकं. भावाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सेल कोणते टाकले?" भिंतीवरच्या घड्याळातले काढून टाकले होते. याला दोन नवे अल्कलाइन डबल ए सेल लागतात. ते घातले आणि कॅमेरा लगेच चालू! म्हणजे कागद फसला नव्हताच, मोटरला जोर नव्हता. आधी सेल बदलले असते तर तो आपोआप बाहेर आला असता.

दुसऱ्या दिवशी पहिला फोटो बाबा आणि उमरेडहून आलेल्या आत्याचा काढला. चित्र उमटायला दीड मिनिट लागतं. आम्ही सगळे त्यावर वाकून उभे. दोन मिनिटं झाली, पाच झाली, कागद पांढराच. "येईल गं, घाई नको करू," आत्या म्हणत राहिली. मला रडू येत होतं. पुढच्या दोन फोटोंच्याही कडा पांढऱ्या आल्या.

आकडा ० होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही जाणता असो. आणि हो, कार्ट्रिजच्या मागच्या दोन चौकोनी भोकांवर बोट दाबू नका. फोटो हलवून वाळवायचाही नसतो. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायन असतं, ते रोलर पसरवतात, बाकी काम त्याचं तेच करतं. कॅमेरा ५ ते ४० अंशांत वापरायचा असतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ला जातो, म्हणून फोटो कूलरसमोर, घरातच काढा. गाडीत फिल्म ठेवू नका.

चौथा फोटो स्वच्छ आला. पुन्हा बाबा आणि आत्याचाच काढला होता. पूर्ण उमटल्यावर आत्याने तो पदराने पुसला आणि बटव्यात ठेवला.