पाठीवरचा सातबारा

आई सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आली, तेव्हा कुरडया-पापडांबरोबर दाभण आणि मेण लावलेला दोराही घेऊन आली. "इथे कोण गोणपाट शिवतंय?" मी म्हणालो. तिने नुसतं पाहिलं. तीन आठवड्यांत दाभणाची वेळ आली. गोणपाटाऐवजी कातडं होतं, एवढंच.

शेजारचे आजोबा सत्तरीचे, पण अजून हार्ले मोटरसायकलवर हिंडतात. आई अंगणात गोधडीला टाके घालते हे त्यांनी कुंपणावरून पाहिलं असावं. एका सकाळी काळी चामड्याची बंडी आणि पिशवीभर भरतकामाचे पॅच घेऊन ते दारात हजर. दुभाषी मी.

आईने पॅच टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. चार स्टर्जिसचे. हे साउथ डकोटातलं गाव, तिथे १९३८ पासून मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते. एक वारलेल्या मित्राच्या नावाचा. एक झेंडा. आणि नातवाने हौसेने ऑनलाइन मागवलेली, कमानीसारखी वाकलेली 'कॅलिफोर्निया'ची पट्टी. आईने बंडी उलटी केली. पाठ कोरी.

"एवढी जागा रिकामी कशाला? ही कमान इथे खाली शोभेल," म्हणत तिने पट्टी ठेवलीसुद्धा. आजोबांनी ती चटका बसल्यासारखी उचलली.

मग चहा झाला आणि पाठीचं व्याकरण कळलं. समोर काय हवं ते लावा, झेंडे, गावं, फिरलेल्या वाटा. पाठ मात्र मोटरसायकल क्लबची. वरच्या कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खालच्या कमानीत मुलूख. हे तीन तुकडे विकत मिळत नाहीत. अनेक क्लबांत नवख्याला कित्येक महिने उमेदवारी करावी लागते, पडेल ते काम करावं लागतं, तेव्हा कुठे पाठ पुरी होते. एवढं करूनही पॅच क्लबच्याच मालकीचा. बाहेर पडलात की उसवून परत. दुसऱ्याच्या बंडीला हात लावायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. हे मी आईला एका शब्दात सांगितलं, "सोवळं." तिला लगेच पटलं.

खालच्या पट्टीची गोष्ट मात्र गमतीची नाही. सत्तरच्या दशकात मंगोल्स नावाच्या क्लबने पाठीवर 'कॅलिफोर्निया' लावलं, आणि हा मुलूख आपला समजणाऱ्या हेल्स एंजल्स या क्लबशी त्यांचं वैर पेटलं. त्यात माणसं मेली. एका शब्दापायी, तोही भरतकामातला.

"म्हणजे सातबारा," आई म्हणाली. ती साताऱ्याची. बांधावरची भांडणं तिला कुणी नव्याने समजावून सांगायला नको. सातबाराला इंग्रजीत काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून मी नुसती मान डोलावली.

आमच्या घरापासून तासाभरावर हॉलिस्टर आहे. १९४७ च्या जुलैत तिथल्या मेळाव्यात सुमारे ४,००० मोटरसायकलवाले आले आणि दंगा झाला. त्यानंतर म्हणे अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने खुलासा केला, की ९९ टक्के चालक सज्जन असतात. संघटनेच्या दप्तरात असं पत्रक सापडत नाही. पण उरलेला एक टक्का आपणच, असं काही क्लबांनी मोठ्या आनंदाने जाहीर केलं आणि चौकटच्या आकारात तो आकडा छातीवर शिवून घेतला. न दिलेल्या शिवीचा असा अभिमान मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे सरकारने मंगोल्सच्या चिन्हाचा ट्रेडमार्कच जप्त करायला घेतला. ज्यूरी तयार झाली, पण २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ते नाकारलं. ही सगळी हकिगत मी आईला सांगत होतो तेव्हा तिचं लक्ष अस्तराकडे होतं.

"हा खिसा कुणी शिवून टाकलाय?"

चामड्याच्या बंडीत हा घोटाळा हमखास होतो. मशीनवर बाहेरून घाईने पॅच मारला की आतला खिसाही त्यात शिवला जातो. आईने चष्मा चढवून टाके उसवले. आतून २०११ सालची पेट्रोलची पावती निघाली. आजोबा त्या पावतीकडे बराच वेळ बघत राहिले. मित्राच्या नावाचा पॅच त्यांनी त्याच खिशाच्या वर, छातीवर लावायला सांगितला. दाभणाने दोन दुपारी लागल्या. आईने झेंडा आणि स्टर्जिसही बसवले.

उरली कमान. नातवाचं मन मोडायचं नव्हतं आणि पाठीवर तर ती चालणार नव्हती. आईने ती आत, अस्तरावर लावली, बारीक टीप घालून. पोराने विचारलं तर बंडी उघडून दाखवायची.

आजोबांनी पैसे विचारले. आई मला म्हणाली, "पैसे नकोत म्हणावं. एक चक्कर मारतील का विचार."

ओढणी घरी ठेवून, माझे बूट आणि त्यांचं जादा हेल्मेट घालून ती मागे बसली. गाडी सुरू होताना आजोबांनी तिला "मला धरा" अशी खूण केली. आईने मागची दांडी घट्ट पकडली. गल्लीच्या टोकाला गाडी वळेपर्यंत मी पाहत होतो. बंडीला तिने शेवटपर्यंत हात लावला नाही.