उशांच्या अभ्र्यातलं श्रीखंड

आमच्या मंडळाची दिवाळी सहसा दिवाळीत यायचीच नाही. शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल, ती दिवाळी. मी मिशिगनमध्ये होतो त्या सगळ्या वर्षांत एकदाच गणित जुळलं. २०१० साली लक्ष्मीपूजन ५ नोव्हेंबरला, शुक्रवारी आलं आणि हॉल नेमका दुसऱ्याच दिवशी मिळाला. काकूंना (सगळ्या मंडळाच्याच काकू) एवढा हुरूप आला की वडापावचा बेत मोडून त्यांनी साग्रसंगीत पान ठरवलं. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड. पानं १२०.

कोणी काय करायचं हे ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरावर ठरायचं. आम्ही चौघं विद्यार्थी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, त्यामुळे आमच्याकडे दरवर्षी कागदी प्लेटा आणि बर्फ. त्या वर्षी मात्र काकूंनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे बाथटब आहे ना रे?"

दोन-दोन पौंडांचे दह्याचे १८ डबे आणले. एवढ्या दह्याला पंचे कुठून आणणार? उशांचे पाच कोरे अभ्रे उकळून घेतले, त्यांत दही भरलं, तोंडं आवळून बांधली आणि शॉवरच्या पडद्याच्या दांडीला ओळीनं टांगली. गुरुवारी रात्री झोपलो तेव्हा बाथरूममधून टप टप ऐकू येत होतं. पहाटे दोनला धाडकन आवाज. ती दांडी भिंतीत ठोकलेली नसते, दोन भिंतींच्या मध्ये नुसती ताणून बसवलेली असते, हे ज्ञान आम्हा चार इंजिनिअरांना तेव्हा झालं. चार अभ्रे शाबूत होते, पाचव्याची गाठ सुटून दही टबभर. ते टाकलं. बाकीचे स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठींना बांधले आणि खाली हाताला लागतील ती पातेली लावली.

सकाळी काकूंना कोणी सांगायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. त्या घटकाभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आइस्क्रीमचा चमचा आणा. पानाला एकच गोळा. आणि वाढायला तुमचा तो लातूरकर उभा करा, त्याला नाही म्हणता येतं." घोटलेलं श्रीखंड त्या रात्री गाडीच्या डिकीत ठेवलं. फ्रिज भरला होता आणि बाहेर पारा शून्याच्या आसपास होता.

हॉलमध्ये काडी ओढायची बंदी, म्हणून पणत्या बॅटरीच्या. ताट तीन कप्प्यांचं. त्यात डावी-उजवी बाजू सांभाळायची कशी, यावर नागपूरच्या वहिनी आणि काका यांच्यात दरवर्षी वाद व्हायचा आणि तोवर मठ्ठा भाजीत शिरलेला असायचा. प्रत्येक घरानं एक अमराठी पाहुणा आणायची मुभा होती. माझ्या लॅबमधला मित्र आला. मीठ, लिंबू, चटणी यांचं काय करायचं हे त्याला सांगायचं मी विसरलो. त्यानं वरून सुरुवात केली आणि श्लोक संपायच्या आत मीठ संपवलं. पाणी पिऊन म्हणाला, "पुढचं काय?"

पुढच्या वर्षी शिकागोला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, तिथेही गेलो होतो. हजारो माणसं, नाटकं, गाणी, जेवणाच्या लांबच लांब रांगा. छान होतं. पण तिथे माझ्याकडे काही काम नव्हतं, आणि काम नसलं की मंडळात मला पाहुण्यासारखं वाटतं.

लातूरकरानं श्रीखंड १२० पानांना पुरवलं, एका अध्यक्षांचा रोष पत्करून. दहाला हॉल रिकामा करून द्यायचा होता, म्हणून खरकटी पातेली काकूंच्या घरी नेली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे जातं, आणि तो रविवार उजाडत होता. आम्ही मसालेभाताची करपलेली बुडं खरवडत असताना दोनाचे पुन्हा एक वाजले. "बघा, देवानं घासायला तास दिला," काका म्हणाले. कोणी हसलं नाही.

मग काकूंनी फ्रिजच्या तळातून झाकलेला डबा काढला. वाढप्यांसाठी वेगळं ठेवलेलं श्रीखंड. आम्ही वाट्या घेऊन धावलो, तर लातूरकर आधीच चमचा हातात घेऊन उभा. तिथेही त्यानं प्रत्येकाला एकच गोळा वाढला.