दहाव्या लेखाला नऊच

परळच्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. मार्च महिना म्हणजे आमच्याकडे अर्जांचा हंगाम. त्या शुक्रवारी पॅथॉलॉजीच्या मॅडम सकाळीच काउंटरवर आल्या. पुरस्काराचा अर्ज होता, मुदत संध्याकाळी 5 पर्यंत. "एच-इंडेक्स लिहायचाय म्हणे. काढून दे ना गं तेवढा." एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या लेखांचा इतर लेखांत किती वेळा संदर्भ दिला गेला, त्यावरून निघणारा एक आकडा.

लोकल रखडल्यामुळे मी आधीच उशिरा पोचलेली. गूगल स्कॉलर या लेख शोधायच्या सेवेवरचं त्यांचं पान उघडलं, 17 आकडा दिसला, चिठ्ठीवर लिहून दिला आणि मोकळी झाले. अर्ध्या तासात मॅडम परत. "अगं, यात पॉलिमरवरचे लेख आहेत. मी कधी लिहिले ते?"

त्याच आडनावाचे, त्याच आद्याक्षराचे कुणी रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे लेख यंत्राने आपणहून मॅडमच्या पानावर आणून टाकले होते. मी यादी न बघताच आकडा दिला, ही माझीच चूक. कानकोंडी झाले अगदी.

मग स्कोपस ही लेखांची आणि संदर्भांची दुसरी सूची उघडली. तिथे 6. आता उलटीच पंचाईत. मॅडमच्या लग्नाआधीच्या कामाचा पत्ताच नव्हता. शोधलं तर एका बाईचे तीन लेखक झालेले: माहेरच्या आडनावावर 9 लेख, सासरच्या आडनावावर 14, आणि मधलं आद्याक्षर वडिलांऐवजी नवऱ्याचं पडलं म्हणून वेगळे निघालेले 3. आपल्याकडची नावं या यंत्रांना कधी कळणार कोण जाणे. तिन्ही खाती एकत्र करायचा अर्ज करता येतो, पण ते काही तासाभरात होणारं काम नव्हे.

म्हणून 26 लेख छापून काढले आणि टेबलावर मांडले. एच-इंडेक्स हा निर्देशांक 2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तो काढायला पेन्सिल पुरते. जास्त संदर्भ मिळालेला लेख वर, कमीवाला खाली. वरून मोजत यायचं आणि लेखाचा क्रमांक त्याच्या संदर्भांपेक्षा मोठा झाला की थांबायचं; त्याआधीचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. आठव्याला 14. नवव्याला 12. दहाव्याला 9.

"एकाने हुकलं की गं!" मॅडम हसल्या. "विद्यार्थ्याला सांगू का, माझा एक संदर्भ टाक म्हणून?" असे सांगणारेही मी पाहिलेत.

मोजता मोजता बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मिळ रक्तगटाचा विषय निघाला. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 1952 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आज रक्तपेढीत तो शब्द सर्रास वापरतात, पण दर वेळी मूळ लेखाचा संदर्भ कोण देतं? मॅडम म्हणाल्या, "काम इतकं मुरलं की मोजणीतून निसटतं."

पावणेपाचला 9 लिहून अर्ज पाठवला. मग निवांत बसून संशोधकांना ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडवर (ORCID) त्यांचं खातं काढलं, म्हणजे पुढे एकच सोळा अंकी ओळख राहील. त्यात इतर नावांसाठी जागा असते. मॅडमनी माहेरचं नाव टाकलं, आद्याक्षरांच्या तऱ्हा टाकल्या, आणि थबकल्या. "एका नियतकालिकाने माझ्या आडनावातला एच खाल्ला होता, तेही लिहू?"

एच गाळून स्कोपसमध्ये शोधलं. चौथं खातं निघालं. त्यात एकच लेख, संदर्भ 11.

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, यादीत 12 आणि 9 च्या मधे 11 लिहिलं आणि पुन्हा वरून मोजलं. 10 भरले. घड्याळात साडेपाच झाले होते.