नॉर्वेजियन जोडशब्दांचा सांधा

नॉर्वेजियनमध्ये जोडशब्द एकसंध लिहितात. मध्ये जागा सोडत नाहीत, जोडरेघही बहुधा नसते. म्हणून वाचणाऱ्याचं पहिलं काम सांधा शोधण्याचं. तो चुकला की उच्चार चुकतो, ओळ तोडायची जागा चुकते आणि कधीकधी अर्थही हातचा जातो. इथे जे लिहितो आहे ते ओस्लो आणि पूर्व नॉर्वेच्या बोलीला धरून आहे. देवनागरीतले उच्चार जवळपासचेच समजा.

आधी एक सवय मोडायला हवी. इंग्रजीमुळे आपण 'टी' दिसला की ट म्हणतो. नॉर्वेजियन साधा टी म्हणजे आपला त, आणि डी म्हणजे द. ट, ड, ण, ष तिथे आहेत, पण ते 'आर'च्या पोटातून निघतात. आर-टी मिळून ट, आर-डी मिळून पुष्कळदा ड, आर-एन मिळून ण, आर-एस मिळून ष. मूल या अर्थाचा शब्द लिहायचा 'बार्न', पण ओस्लोत ऐकू येतो चक्क 'बाण'. युरोपातल्या इतर विद्यार्थ्यांना या मूर्धन्य वर्णांसाठी जीभ वळवता वळवता घाम फुटतो. मराठी माणसाला ते आयते मिळालेले असतात, फक्त कुठे वापरायचे तेवढं कळायला हवं.

आता सांध्याकडे. नियम दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट वागतात. गोंधळ होतो तो इथेच.

पहिला नियम: अक्षरांच्या जोड्या सांध्यावर फुटतात. एरवी एस-जे ही जोडी 'श' वाचतात. पण घर शोधण्याला जो शब्द आहे तो 'हूस' अधिक 'याक्त' असा बनलाय. हूसचा शेवट एस, याक्तची सुरुवात जे. तिथे श म्हणायचा नाही, 'हूस-याक्त' म्हणायचं. एन-जी एरवी 'ङ' असतो, पण द्राक्षमळा म्हणजे 'वीन-गोर', न आणि ग वेगवेगळे. प्रवेशद्वाराला 'इन-गाङ' म्हणतात. त्यात एन-जी दोनदा येतो: सांध्यावर सुटा, शेवटी ङ. सगळ्यात फसवा नमुना म्हणजे राज्याचं अधिकृत चर्च. 'स्तात', मग जोडणारा एस, मग चर्चसाठीचा 'ह्यिर्के', जो लिहिताना के-आयने सुरू होतो. लिहिल्यावर एस-के-आय अशी अक्षरं शेजारी येतात आणि एस-के-आय म्हणजे तर 'शी', बर्फावरच्या स्कीचा उच्चारही तोच. डोळा लगेच 'स्तात-शिर्के' वाचतो. बरोबर उच्चार 'स्तात्स-ह्यिर्के'.

दुसरा नियम: आर मात्र सांधा ओलांडतो. उन्हाळ्यातली वेळ म्हणजे 'सोमेर' अधिक 'तीद', उच्चार 'सोमेटीद'. संसदेचं नाव 'स्तूर' म्हणजे मोठा, त्याला 'तिङ' आणि शेवटी 'एत' हा प्रत्यय जोडून. उच्चार 'स्तूटिङे', आणि शेवटी लिहिलेला टी मुका. स्ट्रॉबेरीचा जाम घ्या: यूर, बॅर, सिल्ते, तॉय. पहिल्या तुकड्यातला डी मुका आहे, म्हणून 'यूर-बॅर' सरळ जुळतं. पण बॅरचा आर सिल्तेच्या एसला भेटतो, म्हणून पुढे 'षिल्ते'. सावकाश म्हणताना तुकडे सुटे करून स स्पष्ट म्हटला तर चूक नाही, पण कानाला शाळकरी वाटतं. बर्गन आणि स्ताव्हांगर या पश्चिमेकडच्या शहरांत आर घशातून येतो. तिथे हे मिलन होत नाही, आर आणि पुढचा वर्ण वेगळे राहतात.

तीन सारखी व्यंजनं सांध्यावर एकत्र आली तर दोनच लिहितात. रात्रीची गाडी म्हणजे 'नात्त' अधिक 'तोग', पण कागदावर टी दोनच. बसचालकाच्या शब्दातही तीन एस व्हायला हवेत, दिसतात दोन. गंमत अशी की ओळ संपली आणि शब्द सांध्यावर तोडावा लागला की गाळलेलं अक्षर परत येतं: जोडरेघेआधी दोन टी, पुढच्या ओळीवर तिसरा. यातून संदिग्धताही जन्मते. काचेचं वाडगं म्हणजे 'ग्लास' अधिक 'स्कोल'. एस गळल्यावर तेच अक्षरशः 'ग्लास' अधिक 'कोल', म्हणजे काचेचा कोबी, असंही वाचता येतं. तिथे नियम नाही, अक्कलच वापरायची.

ओळ तोडताना आधी सांधा पाहायचा. एकाच तुकड्याच्या आत तोडायची वेळ आली तर साधारण एक व्यंजन पुढच्या ओळीवर न्यायचं. जोडणारा एस कायम डावीकडच्या तुकड्याचा, तो खाली ढकलायचा नाही. हा एस लांब शब्दांत मोठा कामाचा असतो. वाइनचा पेला 'वीन-ग्लास', एस नाही. लाल वाइनचा पेला मात्र 'रोवीन्स-ग्लास'. डावीकडचा भाग स्वतःच जोडशब्द झाला की मधे एस येण्याकडे कल असतो, म्हणजे मुख्य सांधा कुठे आहे हे तो एस सांगतो.

आघात पहिल्या तुकड्यावर, पण दुसरा तुकडा मरत नाही. त्याचा दीर्घ स्वर दीर्घच राहतो आणि त्यावर दुय्यम आघात असतो, तोही त्याच्या मूळ जागी. ऑफिस म्हणजे 'कुन्तूर', जोर 'तूर'वर. म्हणून पोस्ट ऑफिस 'पोस्त-कुन्तूर' म्हणताना मुख्य जोर पोस्तवर, दुय्यम तूरवर. मराठी माणूस इथे सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणत जातो आणि ऐकणाऱ्याला सांधाच सापडत नाही. गावांच्या नावांत अपवाद आहेत: क्रिस्तियानसानमध्ये मुख्य जोर शेवटच्या 'सान'वर येतो आणि डी मुका असतो.

सूर मात्र अख्ख्या जोडशब्दाला एकच. नॉर्वेजियन शब्द दोनपैकी एका सुरात म्हणतात: ओस्लोकडे पहिला सूर खालून वर चढतो, दुसरा वरून उतरून शेवटी पुन्हा चढतो. पहिला तुकडा एकाहून जास्त अवयवांचा (म्हणजे सिलॅबलचा) असेल तर बहुधा त्याचाच सूर पुढे चालतो. हिवाळा, 'विन्तेर', पहिल्या सुराचा, म्हणून 'विन्तेटीद'ही पहिल्या सुराचा. 'सोमेर' दुसऱ्या सुराचा, म्हणून 'सोमेटीद' दुसऱ्या. पहिला तुकडा एकाच अवयवाचा असेल तर दोन्ही सूर सापडतात, शब्दागणिक पाठ करावं लागतं. प्रत्येक तुकड्याला वेगळा सूर दिला तर ऐकणाऱ्याला दोन शब्द ऐकू येतात. 'लामेलोर' एका सुरात म्हणजे कोकराची तंगडी. मधे जागा सोडून दोन सुरांत म्हणजे लुळ्या मांड्या. दुकानांच्या पाट्यांवरच्या अशा तुटक लिखाणावर नॉर्वेत विनोद चालूच असतात.

नॉर्वेजियन अकादमीचा 'नाओब' शब्दकोश उच्चार देतो, सूरही दाखवतो. सगळे जोडशब्द कुठल्याच कोशात नसतात. शब्द सापडला नाही तर तुकडे वेगवेगळे शोधा: सूर पहिल्या तुकड्याखाली (तो एकाहून जास्त अवयवांचा असेल तर), लिंग आणि अनेकवचन शेवटच्या तुकड्याखाली. जामच्या शब्दातला 'तॉय' नपुंसकलिंगी, म्हणून तो अख्खा लांब शब्दही नपुंसकलिंगी.