रडारच्या पट्ट्यातली आमची वायरलेस लिंक

दोन इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना बसवून त्यांच्यामध्ये ५ गिगाहर्ट्झवर परवाना न लागणारी लिंक उभी करताना सर्वाधिक वेळ चॅनल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातला क्रमांक दिलेला तुकडा, ठरवण्यात गेला. ५१५० ते ५२५० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा दिसत होता. पण २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने तो २०० मिलिवॉटपर्यंतच्या, इमारतीच्या आतल्या वापरापुरता ठेवला होता आणि पुढे इमारतीबाहेरच्या वापराला मिळालेली सवलत आम्हाला लागू नव्हती. गच्चीसाठी उरला तो ५४७० ते ५७२५ चा पट्टा. तिथे १ वॉटपर्यंत मुभा आहे, मात्र पहिला हक्क रडारचा.

ही वाटणी उघडउघड विषम आहे. आपल्या रेडिओने प्रसारणाआधी रडार आहे का हे किमान ६० सेकंद नुसते ऐकायचे. चालू असताना रडारचे स्पंद जाणवले, तर १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. ५६०० ते ५६५० मध्ये हवामान रडार असतात. त्यांची अँटेना सावकाश फिरत, कोन बदलत आकाश चाळते आणि तिचा झोत आपल्या दिशेला यायला वेळ लागतो, म्हणून युरोपीय नियमांत तिथले सुरुवातीचे ऐकणे १० मिनिटांचे आहे.

यंत्राने आपणहून ११६ ते १२८ हा ८० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल (५५७० ते ५६५० मेगाहर्ट्झ) निवडला होता, म्हणजे अर्ध्याहून अधिक भाग नेमका हवामान रडारच्या हद्दीत. लॉगमध्ये ‘रडार आढळले’ अशी नोंद पडली की हा सगळाच रुंद चॅनल सोडावा लागे. ते स्पंद खरोखर रडारचे होते की शेजारच्या एखाद्या वाय-फायचे, हे नोंदीवरून कळत नाही. संशयाचा फायदा रडारलाच मिळतो, आणि ते मला रास्त वाटते. रुंदी ४० मेगाहर्ट्झवर आणून मी १०० व १०४ हे चॅनल घेतले. वेग घटला, पण नोंदी विरळ झाल्या.

यंत्र कोणत्या देशाचे नियम पाळेल हे त्यातल्या देशाच्या नोंदीवरून ठरते; तो देश बदलून टाका म्हणजे ही तपासणीच बंद होईल, असा सल्लाही मिळाला आणि या कामात तो हटकून मिळतो. मी तो मानला नाही. अशा यंत्राचे प्रसारण हवामान रडारच्या चित्रात त्या दिशेने मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या सरळ पट्ट्यासारखे उमटते आणि त्या पट्ट्याखालचा पाऊस ओळखणे अवघड होते. लहरींचा पट्टा फुकट वापरायला मिळतो, तेव्हा बाजूला होण्याची अट पाळणे एवढीच आपली किंमत.

शेवटी पर्यायी चॅनलांची यादी मी हाताने भरली आणि त्यातून १२०, १२४, १२८ वगळले. रडारची नोंद आली की लिंक यादीतल्या चॅनलवर जाते आणि तिथे ऐकण्यात साधारण मिनिटभर बंद राहते. त्या खंडाची कल्पना वापरणाऱ्यांना लेखी दिलेली आहे.