हिरव्या टोमॅटोच्या दोन चटण्या

ऑक्टोबर लागला की इंग्लंडमधल्या टोमॅटोंचं काही खरं नसतं. ऊन उतरलेलं, रात्री गारठलेल्या, त्यात पावसाने करपा पडतो (बटाट्यावर येतो तोच). लाल व्हायची वाट बघत बसलं तर फळं झाडावरच काळी पडतात, म्हणून लोक हिरवीच तोडतात. इथे लीड्समध्ये नगरपालिका भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देते. तिथे या दिवसांत जो भेटेल तो पिशवीभर हिरवे टोमॅटो गळ्यात मारतो.

इंग्रज या हिरव्या टोमॅटोंची चटणीच करतात. कंपनी सरकारच्या काळात ही चव भारतातून इकडे आली, पण आता तिचा स्वभाव पार मुरांब्याचा झालाय. किलोभर टोमॅटो, अर्धा किलो कांदे, आंबट सफरचंद, बेदाणे, अर्धा किलो ब्राउन शुगर आणि अर्धा लिटर व्हिनेगर. दीड-दोन तास मंद आचेवर रटरटू द्यायचं. लाकडी चमचा तळाशी ओढल्यावर वाट पडली आणि ती लगेच भरून आली नाही, की झाली. तोवर घरातले सगळे खोकून बेजार! बरण्यांत महिनाभर मुरली की व्हिनेगरचा झणका उतरतो. चेडर चीज आणि पावाबरोबर ती झकास लागते. पोळीशी मात्र तिचं जमत नाही.

म्हणून निम्मे टोमॅटो मी आपल्या पद्धतीने संपवते. मिरची-लसणाबरोबर तेलावर कडा खरपूस होईपर्यंत परतायचे, भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, मीठ, गुळाचा खडा घालून जाडसर वाटायचे, वरून हिंग-मोहरीची फोडणी. भाकरी, डोसा, सँडविच, कशालाही चालते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. इंग्रजी चटणी साखर-व्हिनेगरच्या जोरावर वर्षभर.

पौष्टिक कुठली? टोमॅटोत जवळपास ९५ टक्के पाणी, १०० ग्रॅममध्ये जेमतेम २० कॅलरी. म्हणजे हिशोब सगळा वरून घातलेल्या जिनसांचा. तिकडे नुसती साखर, इकडे तीळ-दाण्यांतून प्रथिनं आणि चांगली स्निग्धता. कॅलरी आपल्या चटणीतही कमी नाहीत हं! क जीवनसत्त्व हिरव्यातही असतं, शिजवताना थोडं जातं. लायकोपिन मात्र टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्यच, ते हिरव्यात शोधू नका. त्यासाठी पिकलेले टोमॅटो तेलात शिजवावेत. आचेने ते मोकळं होतं आणि तेलामुळे अंगी लागतं.

शेजारच्या आजीबाईंना आपली चटणी टोस्टवर आवडते. पण इथे कुणाला डबा देताना आधी सांगायचं ते शेंगदाण्याचं. ॲलर्जी असलेले बरेच असतात. कृती नंतर.